आत कोणी नाही, हे कोणी ठरवलं?

प्ले स्टोअरवर 'झॉम्बी टँक' असं टाईप करून बघा. एकाच खेळाच्या कितीतरी आवृत्त्या समोर येतील. नावं वेगळी, रंग वेगळे, गाभा तोच. डावीकडे तुमचा रणगाडा, उजवीकडून लडखडत येणारी झॉम्बींची रांग. अंगठ्याने निशाणा धरायचा, बाकी तोफ आपोआप धडाडत राहते. मेलेल्या प्रत्येक झॉम्बीतून नाणी उडतात आणि लोहचुंबकाने ओढल्यासारखी रणगाड्याकडे येतात. लाट संपली की गॅरेज. तिथे नाणी मोजून चिलखत जाड करायचं, तोफ मोठी करायची, पुढच्या बाजूला काटेरी फाळ बसवायचा. पुन्हा मैदान, पुन्हा लाट. मध्येच मेलात तर एक जाहिरात बघायची आणि जिवंत व्हायचं.

हा खेळ वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत डोकं रिकामं करायला तो उत्तम आहे. 'असले गेम खेळून पोरं हिंसक होतात' हा घरोघरचा आरोपही मी बाजूला ठेवतो. शाळेपासून हजारो झॉम्बी उडवत आलेली माझ्या ओळखीची काही माणसं आजही बाथरूममध्ये झुरळ दिसलं तर शेजाऱ्याला हाक मारतात.

माझा प्रश्न त्याहून साधा आहे. झॉम्बीच का?

रणगाड्यासमोर काहीही उभं करता आलं असतं. दगड, भिंती, रोबो, उडत्या तबकड्या. पण या खेळातल्या झॉम्बीला दोन हात, दोन पाय आणि चेहरा असतो. एखाद्याच्या गळ्यात अजून टाय लोंबत असतो, एखादीच्या अंगावर नर्सचा फाटका गणवेश असतो. म्हणजे खेळ बनवणाऱ्याला समोर माणूस हवाही आहे आणि नकोही. हवा, कारण माणसाच्या आकाराचं काही कोसळलं की जी झिणझिणी येते ती दगड फुटल्यावर येत नाही. नको, कारण खरंच माणूस असेल तर अंगठा थबकेल.

रक्ताचा रंग

ही अडचण व्हिडिओ गेम्सइतकीच जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या एक्सिडी कंपनीने 'डेथ रेस' नावाचा आर्केड गेम काढला. गाडी चालवायची आणि पडद्यावर पळणाऱ्या काड्यांच्या आकृत्या चिरडायच्या. कंपनीचं म्हणणं, ही माणसं नाहीत, 'ग्रेम्लिन' आहेत. पण दिसायला त्या माणसांसारख्याच होत्या आणि गाडीखाली आल्या की किंचाळायच्या. अमेरिकेत मोठा गदारोळ झाला.

दोनच वर्षांनी जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवत होता. शत्रू म्हणून त्याने आधी रणगाडे आणि विमानं करून बघितली, पण त्यांची हालचाल नीट जमेना. माणसांची हालचाल जमत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायला लावणं बरं नाही असं ठरलं. म्हणून परग्रहवासी आले.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र १९९७ सालच्या 'कार्मागेडन'चं आहे. इथेही गाडीखाली पादचारी चिरडायचे आणि गुण मिळवायचे. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारलं. मग कंपनीने काय करावं? पादचाऱ्यांचे झॉम्बी केले आणि लाल रक्त हिरवं केलं. खेळ बाजारात आला. जर्मनीत पादचाऱ्यांचे रोबो झाले. पुढे कंपनीने अपील जिंकलं आणि लाल रक्ताची मूळ आवृत्तीही ब्रिटनमध्ये आली, पण मधल्या काळात जे घडलं ते विचार करण्यासारखं आहे.

प्रोग्रामरच्या नजरेने बघा. बदल झाला तो चित्रांमध्ये. गाडी तीच, रस्ते तेच, चिरडणं तेच, चिरडल्याबद्दलचं बक्षीसही तेच. खेळणाऱ्याच्या बोटांनी दोन्ही आवृत्त्यांत एकच काम केलं असणार. तरीही एक आवृत्ती समाजाला घातक ठरली आणि दुसरी चालून गेली.

यावर हसणं सोपं आहे, पण मंडळ अगदीच चुकलं असंही नाही. आपल्या सगळ्यांच्या मनात हाच हिशेब असतो. काय केलं, यापेक्षा कोणाला केलं हे आपण आधी बघतो. रक्ताचा हिरवा रंग एवढंच सांगतो की काळजी करू नका, आत कोणी नाही. झॉम्बी या पात्राचं खेळातलं मुख्य काम हेच आहे. तो भीतीसाठी कमी आणि परवानगीसाठी जास्त असतो.

उसाच्या शेतातला मेलेला

गंमत म्हणजे झॉम्बी जन्माला आला तेव्हा तो असा नव्हता. त्याचं मूळ हैतीत आहे. अठराव्या शतकात हा प्रदेश फ्रेंचांची वसाहत होता. आफ्रिकेतून धरून आणलेली लाखो माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत आणि मरत. १७९१ साली त्यांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. त्या लोकांच्या कल्पनेतला झॉम्बी कोणाचा चावा घेत नाही. तो म्हणजे मेल्यावरही ज्याची सुटका झाली नाही असा माणूस. कोणीतरी जादूटोण्याने त्याला थडग्यातून उठवलंय आणि कामाला जुंपलंय. भीती झॉम्बीची नव्हती, झॉम्बी होण्याची होती. ज्याला वाटायचं की निदान मरण तरी माझं आहे, त्याच्यासाठी याहून भयंकर काही असूच शकत नाही.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. त्या काळात विल्यम सीब्रूक नावाचा लेखक तिथे गेला. १९२९ सालच्या त्याच्या पुस्तकाने अमेरिकी वाचकांना उसाच्या शेतात राबणारे मेलेले मजूर दाखवले. १९३२ साली 'व्हाइट झॉम्बी' हा सिनेमा आला. १९६८ साली जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने माणसं खाणारी मेलेल्यांची झुंड आणली आणि आजचा झॉम्बी तयार झाला. त्या सिनेमाचा शेवट विसरता येत नाही. रात्रभर झुंडीशी लढून वाचलेला बेन हा कृष्णवर्णीय नायक सकाळी खिडकीशी येतो. बाहेर बंदुका घेऊन झॉम्बी साफ करत निघालेली माणसं त्याला बघतात, झॉम्बी समजतात आणि गोळी घालतात.

म्हणजे प्रवास असा झाला: ज्याच्यावर जगातला सगळ्यात मोठा अन्याय झाला त्याचं नाव घेऊन आपण असा शत्रू बनवला ज्याच्यावर अन्याय होऊच शकत नाही.

जुन्या टँकची गोष्ट

नव्वदच्या दशकात आणि त्याच्या आगेमागे ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा स्वस्तातला व्हिडिओ गेम होता त्यांना 'टँकवाला गेम' आठवत असेल. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', नाम्को कंपनीने १९८५ साली काढलेला. वरून शत्रूचे टँक येतात, खाली मधोमध विटांच्या आड आपला गरुड असतो, तो वाचवायचा.

तिथेही अपग्रेड होतं. तारा मिळाला की गोळी वेगात जायची, मग एकदम दोन सुटायच्या, शेवटी लोखंडी भिंतही फुटायची. पण टँक मेला की तारे गेले, पुन्हा शून्यापासून सुरुवात. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमची स्वतःची गोळी तुमच्याच गरुडाला लागू शकायची. भाऊ घाईत गोळ्या झाडायचा, विटा फुटायच्या, गरुड जायचा, गेम ओव्हर. मग 'तुझ्यामुळे गेलं' म्हणून अर्धा तास भांडण.

आताच्या झॉम्बी-टँकमध्ये हे होऊच शकत नाही. तोफ कितीही आंधळी झाडा, चुकीच्या माणसाला गोळी लागत नाही, कारण मैदानात चुकीचा माणूसच नाही. पुढे उडवता येईल असंच सगळं आहे. त्यामुळे ताकद वाढवण्याबद्दल प्रश्न पडायचं कारण उरत नाही. तोफ मोठी झाली तर जास्त नाणी, जास्त नाणी तर आणखी मोठी तोफ. 'बॅटल सिटी'त ताकद वाढली की जपून वागावं लागायचं. विटा फोडता येतात म्हटल्यावर कुठल्या फोडायच्या नाहीत हेही कळावं लागायचं. समोर फक्त झॉम्बी असतील तर ही गरज संपते.

मला या खेळांत रस वाटतो तो इथे. मारणं हा भाग जुनाच आहे. ज्या जगात चूक करणं शक्यच नाही अशा जगाची सवय लागणं, हा भाग नवा आहे.

मेल्यानंतर काय

अशा खेळात मेलेल्या झॉम्बीचं पुढे काय होतं हे बहुतेकांना माहीत नसतं. तो नष्टही होत नाही. दर वेळी नवा झॉम्बी तयार करून जुना पुसणं फोनला जड जातं, म्हणून प्रोग्रामर सहसा सुरुवातीलाच ठरावीक संख्येचे झॉम्बी बनवून ठेवतात. मेला की त्याला अदृश्य करायचं, आयुष्याचा आकडा पुन्हा भरायचा आणि उजव्या कडेबाहेर नेऊन परत सोडायचं. याला ऑब्जेक्ट पूलिंग म्हणतात. तुम्ही पाच हजार झॉम्बी मारले असं स्क्रीन सांगते तेव्हा प्रत्यक्षात त्याच पन्नासएक झॉम्बींना पुन्हा पुन्हा मारलेलं असू शकतं. मैदान मात्र कायम स्वच्छ. त्या जुन्या 'डेथ रेस'मध्ये चिरडलेल्या आकृतीच्या जागी थडग्याचा क्रूस उभा राहायचा आणि पुढे गाडीला तो चुकवत जावं लागायचं. मेलेला वाटेत यायचा.

आमच्या धंद्यात आणखी एक झॉम्बी असतो. लिनक्सवर एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. पहिली पॅरेंट, दुसरी चाइल्ड. चाइल्ड संपली की तिची मेमरी परत घेतली जाते, पण प्रोसेस टेबलमध्ये तिच्या नावची एक नोंद उरते. ती कशी संपली, काम पूर्ण करून की मध्येच कशाने तरी, एवढं त्या नोंदीत असतं. पॅरेंटने ते विचारून घेतलं की नोंद पुसली जाते. विचारलंच नाही तर नोंद तशीच पडून राहते. अशा प्रोसेसला झॉम्बी म्हणतात. तिच्यावर किल कमांड चालत नाही, कारण ती आधीच मेलेली असते. तिला मोकळं करायचा मार्ग एकच, कोणीतरी तिचा शेवट वाचणं. पॅरेंट स्वतःच संपला तर इनिट नावाची सगळ्यात मूळ प्रोसेस तिला दत्तक घेते आणि ते काम करते.

हे नाव ज्याने दिलं त्याच्या मनात तत्त्वज्ञान नसणार. पण हैतीच्या कल्पनेच्या जवळचा अर्थ मला खेळातल्यापेक्षा इथे सापडतो. झॉम्बी म्हणजे ज्याच्या मरणाची दखल कोणी घेतली नाही तो.

रणगाड्यात कोण बसतं

आता खऱ्या रणगाड्याबद्दल, कारण खेळातल्या रणगाड्यातही आत कोणी नसतं. झाकण उघडून कोणी बाहेर डोकावत नाही. खरा रणगाडा माणसांनी भरलेला असतो. १९७१च्या युद्धात भारताकडे जे सेंच्युरियन रणगाडे होते त्यात चार जण बसत: कमांडर, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि ड्रायव्हर.

अशाच एका रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता'. त्याचा कमांडर होता पूना हॉर्स रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, पुण्यात जन्मलेला, वय एकवीस. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागल्यावर त्याला बाहेर पडण्याचा आदेश मिळाला. तोफ अजून चालतेय असं सांगून तो लढत राहिला आणि मारला गेला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा पुढे अहिल्यानगरच्या, म्हणजे आधीच्या अहमदनगरच्या, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जतन करण्यात आला.

ही गोष्ट इथवर अनेकांना माहीत असते. पुढची तेवढी नसते. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेतरपाल, वयाच्या ऐंशीच्या घरात पाकिस्तानात गेले. सरगोध्याला, आपलं जन्मगाव बघायला. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला पाकिस्तानी सैन्यातले ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. मुक्कामाच्या शेवटी नासर यांनी यजमानाच्या घरात बसून पाहुण्याला सांगितलं की तुमच्या मुलाचा रणगाडा ज्याने उडवला तो मीच.

या प्रसंगात नासर यांना दोष देणारं काही नाही. युद्ध होतं, समोरून रणगाडा येत होता, त्यांनी त्यांचं काम केलं. कायद्याने, लष्करी नियमांनी त्यांच्यावर काही देणं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. तरीही तीस वर्षं ती नोंद उघडी राहिली होती आणि ती मिटवायला समोर बापच लागला. त्यांना हे सांगावंसं वाटलं, कारण पोलादाच्या त्या डब्यात कोणीतरी होतं हे त्यांना ठाऊक होतं. मारावं लागणं आणि मारलेला कोणीच नव्हता असं मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कधी कधी टळत नाही. दुसरी टाळता येते.

डिफॉल्ट

तत्त्वज्ञानातही एक झॉम्बी आहे. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्ववेत्त्याच्या १९९६ सालच्या पुस्तकामुळे तो विशेष गाजला. कल्पना अशी: अगदी तुमच्यासारखाच एक प्राणी आहे. तुमच्यासारखाच बोलतो, हसतो, चटका बसला की 'आई गं' म्हणतो. पण आत अनुभव असा काहीच नाही, दुखणं नाही, आनंद नाही. असा प्राणी कल्पनेत तरी शक्य आहे का, यावर तत्त्ववेत्ते आजही भांडतात. त्यांचं भांडण त्यांच्याकडे राहू द्या. त्यातून आपल्यापुरती एक गोष्ट घेता येते: आत कोणी आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. 'आत कोणी नाही' हे कोणी कधी पाहिलेलं नसतं, ते ठरवलेलं असतं.

खेळात ते डिझायनर ठरवतो आणि प्रामाणिकपणे सांगतो. रक्त हिरवं आहे, खुशाल मारा. खेळाबाहेर असं सांगायला कोणी अधिकृत डिझायनर नसतो, तरी हिरवा रंग फासायला हौशी माणसं भरपूर असतात. १९९४ साली रवांडात एका रेडिओ केंद्रावरून तुत्सी लोकांना दिवसरात्र 'झुरळं' म्हटलं जात होतं. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. मारणाऱ्यांतले कित्येक जण शेजारी होते. रोजचा रामराम घालणाऱ्या माणसावर हात उचलण्याआधी त्याच्या आत कोणी नाही असं ठरवून घ्यावं लागतं. रेडिओ ते काम करत होता.

आपण इतके टोकाला जात नाही हे खरं. पण कमेंट्समध्ये समोरच्या गटाला आपण कोणत्या शब्दांनी हाक मारतो ते आठवून बघा. डावा असो की उजवा, प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी एक शब्द तयार असतो, आणि सगळ्या शब्दांचा अर्थ एकच: याला स्वतःचं डोकं नाही, हा कोणाच्या तरी इशाऱ्यावर चालतो. म्हणजे झॉम्बी. एकदा तो शब्द चिकटला की त्याचं म्हणणं ऐकायची गरज उरत नाही आणि आपलाच गरुड फुटेल ही भीतीही.

'मोबाईलमध्ये मान घातलेली झॉम्बी पिढी' हे वाक्यही त्याच जातीचं आहे. ते आपल्याबद्दल वडीलधारे म्हणतात आणि आपणही एकमेकांबद्दल हसत म्हणतो. लोकलमध्ये समोर मान खाली घालून बसलेला मुलगा कदाचित झॉम्बीच मारत असेल. कदाचित आईचा रिपोर्ट दहाव्यांदा वाचत असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

इंजिनिअरिंगमध्ये एक साधी सवय लावली जाते. एखादी गोष्ट खात्रीने कळत नसेल तर कोणती चूक जास्त महाग पडेल ते बघायचं आणि डिफॉल्ट त्याच्या उलट बाजूला ठेवायचा. आत कोणी नसताना आहे असं मानलं तर काय होईल? थोडा वेळ जाईल, थोडं भावुक वाटेल, फार तर लोक हसतील. आत कोणी असताना नाही असं मानलं तर काय होतं, ते बेनबरोबर पडद्यावर झालं आणि रवांडात खरोखर झालं. दोन चुकांच्या किमतीत इतका फरक असेल तर डिफॉल्ट कुठे ठेवायचा हे कळायला तत्त्वज्ञ असावं लागत नाही.

म्हणून झॉम्बी-टँक खेळायला माझी काहीच हरकत नाही. तिथे डिफॉल्ट बदललेला असतो आणि खेळापुरता तो बदलणं हीच त्यातली मजा आहे. एक लाट, दोन लाटा, थोडी नाणी, जमल्यास नवी तोफ. फक्त तो डिफॉल्ट आपणच बदलला होता हे लक्षात असावं. ॲप बंद केल्यावर तो आपोआप जागेवर येत नाही. तो हाताने परत लावावा लागतो.